हुक लागण्याआधी: अमेरिकेत मालट्रक टो झाला तर बिल कसं हाताळायचं

अमेरिकेत ट्रकिंगमध्ये नव्याने उतरलेल्या माणसाला डिझेल, इन्शुरन्स आणि गाडीचे हप्ते यांचं गणित पहिल्या काही महिन्यांत अंगवळणी पडतं. टोइंगचं गणित मात्र पहिलं बिल हातात पडेपर्यंत कोणी समजावून सांगत नाही. तोवर गाडी दुसऱ्याच्या यार्डात अडकलेली असते, आत गिऱ्हाइकाचा माल असतो आणि यार्डाचं भाडं रोज चढत असतं. अपघातग्रस्त ट्रॅक्टर-ट्रेलर (ट्रॅक्टर म्हणजे इंजिन आणि केबिनचा पुढचा भाग, ट्रेलर म्हणजे मागे जोडलेला मालाचा भाग) उचलल्याचं बिल दहा-वीस हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतं. एक-दोन गाड्यांच्या मालकाला असं एक बिल धंद्यातून उठवायला पुरेसं आहे.

हा लेख अशा मालकांसाठी आहे. ओनर-ऑपरेटर म्हणून स्वतः चालवणाऱ्यांसाठी आहे आणि भारतात बसून रात्रपाळीत अमेरिकी कंपन्यांचं डिस्पॅचिंग, म्हणजे गाड्यांना भाडी लावून देणं आणि ड्रायव्हरच्या संपर्कात राहणं, करणाऱ्यांसाठीही आहे, कारण ड्रायव्हरचा पहिला फोन बहुतेक वेळा त्यांनाच येतो.

पहिली पायरी: टो कोणाच्या संमतीने झाला, हे आधी ठरवा

बाकी सगळं या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

गाडी बंद पडली, तुम्ही स्वतः टोइंग कंपनीला फोन केला, भाव विचारला आणि बोलावलं, तर तो संमतीचा टो. अपघात झाला आणि पोलिसांनी त्यांच्या यादीतली कंपनी बोलावली, किंवा ड्रायव्हरने रात्री एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि जागामालकाने ती उचलायला लावली, तर तो विनासंमती टो.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे केंद्रीय कायद्यातून कळतं. १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने मालवाहतुकीच्या दरांवर, मार्गांवर आणि सेवांवर राज्यांनी आपापले नियम लादू नयेत अशी तरतूद केली. टो ट्रकसुद्धा त्या तरतुदीत येतात. म्हणजे संमतीच्या टोचा भाव राज्य सरकार ठरवू शकत नाही, तो तुमच्यातला आणि टोवाल्यातला सौदा. पण त्याच कायद्यात एक अपवाद आहे: मालकाच्या किंवा चालकाच्या पूर्वसंमतीशिवाय टो झाला असेल, तर त्याच्या किमतीवर राज्यं आणि स्थानिक संस्था नियम करू शकतात. कमाल दर, दरपत्रक लावण्याची सक्ती, तपशीलवार बिल असे ग्राहकाला वाचवणारे बहुतेक दरविषयक नियम या अपवादावर उभे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या चित्रात भर घालतात. २००२ सालच्या कोलंबस शहराच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की टोइंगबाबत सुरक्षेचे नियम करण्याचा आपला अधिकार राज्यं शहरांना देऊ शकतात. म्हणून एकाच राज्यातल्या दोन शहरांत परवान्याचे नियम वेगळे दिसतात. २०१३ साली न्यू हॅम्पशायरमधून आलेल्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की टो करून झाल्यावर गाडी ठेवून घेणं आणि तिची विल्हेवाट लावणं यावरच्या तक्रारी राज्याच्या कायद्याखाली करता येतात, केंद्रीय कायदा त्यांना अडवत नाही. यार्डातल्या वागणुकीविरुद्ध लढताना हा निकाल वकिलाला आठवणीने सांगा.

आता यातली खरी खाच. पोलिसांनी बोलावलेला टोवाला अनेकदा रस्त्यावरच ड्रायव्हरपुढे एक फॉर्म धरतो आणि म्हणतो, "इथे सही कर, म्हणजे काम सुरू करतो." त्या फॉर्ममध्ये 'कामाला आणि दराला माझी संमती आहे' अशी ओळ असू शकते. अशी सही झाली की पुढे टोवाला म्हणू शकतो, हा संमतीचा टो होता, सरकारी दर मला लागू नाहीत. घाबरलेल्या ड्रायव्हरच्या एका सहीने मालकाच्या हातातलं सगळ्यात मोठं संरक्षण निसटू शकतं. म्हणून माझा पहिला आग्रह असा: ड्रायव्हरने ऑफिसला फोन केल्याशिवाय आणि कागदाचा फोटो पाठवल्याशिवाय टोच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही. सही करणं भागच पडलं, तर त्याच कागदावर हाताने लिहावं की टो पोलिसांच्या आदेशाने झाला आहे आणि दर मान्य केलेले नाहीत.

दुसरी पायरी: गाडी निघण्याआधी ऑफिसात करायची कामं

तुमच्या गाड्या ज्या राज्यांतून नेहमी जातात, त्या प्रत्येक राज्याचे टोइंगचे नियम एका पानावर उतरवून ठेवा. राज्याराज्यांत फार फरक आहे. तीन उदाहरणं देतो.

फ्लोरिडात १ जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा माझ्या मते नीट अभ्यासण्यासारखा आहे. टोइंग आणि स्टोरेज कंपनीने सगळ्या शुल्कांचं दरपत्रक ठेवायचं, ते आपल्या कार्यालयात लावायचं, आणि मालक किंवा चालक जागेवर हजर असेल तर गाडी हुकला लावण्याआधी ते त्याच्या हातात द्यायचं. दरपत्रकापेक्षा जास्त आकारलेली रक्कम कायद्याच्या नजरेत अवाजवी ठरते. पारदर्शकता म्हणजे नेमकं काय हवं, ते या एका वाक्यात आलं: भाव आधी कळला पाहिजे, आणि कळलेल्या भावापेक्षा जास्त घेता कामा नये.

टेक्ससमध्ये टोइंग कंपन्या, त्यांचे चालक आणि गाड्या ठेवण्याची यार्डं या सगळ्यांना परवाने देण्याचं काम राज्याचा परवाना व नियमन विभाग करतो. खाजगी जागेतून विनासंमती उचललेल्या गाडीसाठी राज्याने वजनाच्या गटांनुसार कमाल दर ठरवले आहेत आणि यार्डाचं भाडं गाडीची लांबी २५ फुटांपेक्षा जास्त आहे की कमी यावर बदलतं. अपघातानंतरच्या टोचे दर मात्र बहुतांशी स्थानिक पातळीवर ठरतात, म्हणून तिथे शहर किंवा काउंटीचे नियम बघावे लागतात.

कॅलिफोर्नियात यार्डाच्या कार्यालयात शुल्कांची आणि गाडीपर्यंत जाण्याच्या हक्कांची सूचना ठळक लावावी लागते, मागितल्यावर तिची प्रत द्यावी लागते, तपशीलवार बिल द्यावं लागतं आणि क्रेडिट कार्ड स्वीकारावं लागतं. तिथले महामार्ग पोलिस आपल्या यादीतल्या टोवाल्यांशी करार करतात आणि दर त्या कराराच्या चौकटीत येतात.

केंद्र सरकारकडून काय अपेक्षा ठेवायची? सध्या फार नाही, आणि हे नव्या माणसाने स्पष्ट समजून घ्यावं, कारण 'केंद्र सरकारने लपवलेली शुल्कं बंद केली' असं अर्धवट ऐकलेले बरेच जण भेटतात. फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहिताचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२३ च्या शेवटी छुप्या आणि फसव्या शुल्कांविरुद्ध एका व्यापक नियमाचा मसुदा मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रकिंगच्या सुरक्षेचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे एफएमसीएसएने, त्याला लेखी पाठिंबा दिला आणि मालट्रकच्या टोइंगमधली लूट त्यात मुद्दाम मांडली. त्याच वर्षी जूनमध्ये याच विषयावर संस्थेने जाहीर बैठकही घेतली. पण डिसेंबर २०२४ मध्ये जो अंतिम नियम आला, तो फक्त कार्यक्रमांची तिकिटं आणि अल्पमुदतीचा निवास यांच्यापुरता आखडला गेला. टोइंग त्यात नाही. फसव्या व्यापारी वागणुकीवरची जुनी सर्वसाधारण बंदी कायम आहे, पण तुमचं एक बिल सोडवायला त्या कमिशनचा माणूस येणार नाही. लढाई राज्यात आणि शहरातच लढायची आहे.

ऑफिसातलं दुसरं काम म्हणजे नेहमीच्या मार्गांवरच्या दोन-तीन जड वाहनं उचलणाऱ्या कंपन्यांशी आधीच दर लेखी ठरवून ठेवणं. गाडी नुसती बंद पडली असेल आणि रहदारीला धोका नसेल, तर बऱ्याच ठिकाणी पोलिस मालकाच्या पसंतीची कंपनी चालवून घेतात, फक्त ती लवकर पोहोचली पाहिजे. तिसरं काम इन्शुरन्स एजंटला लेखी विचारणं: टो, रिकव्हरी (उलटलेली किंवा रुतलेली गाडी बाहेर काढणं) आणि स्टोरेज (यार्डाचं भाडं) यांची मर्यादा किती, सांडलेला माल उचलण्याचा खर्च कोणत्या पॉलिसीत, आणि टो झाल्यावर किती वेळात कळवायचं. नव्या मालकांचा एक मोठा गैरसमज इथेच सांगतो. एमसीएस-९० नावाची जोडणी पॉलिसीला आहे म्हणून टोचा खर्चही निघेल, असं अनेकांना वाटतं. ती जोडणी तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी आहे. तुमची स्वतःची गाडी ओढून नेण्याचा खर्च ती देत नाही.

तिसरी पायरी: रस्त्यावर ड्रायव्हरने काय करायचं

सर्वात आधी ड्रायव्हर सुरक्षित जागी उभा राहिला पाहिजे. त्यानंतरच फोन काढायचा. फोटो आणि व्हिडिओ भरपूर हवेत: गाडी कशी पडली आहे, कुठे रुतली आहे, किती माल सांडला, डिझेल गळतंय का, टोवाल्याच्या कोणत्या गाड्या आल्या आणि त्यांच्या दारावरचा कंपनीचा व परवान्याचा नंबर काय. किती माणसं खरोखर हात लावून काम करत होती, हे व्हिडिओत दिसलं पाहिजे. नंतर बिलात सात माणसं आणि दोन रोटेटर (फिरत्या क्रेनचे जड टो ट्रक) लिहून येतात तेव्हा हाच व्हिडिओ कामाला येतो.

ड्रायव्हरला तीन प्रश्न पाठ करून द्या. टो कोणाच्या आदेशाने होतोय? दरपत्रक दाखवता का? गाडी कुठे नेताय? पोलिस अधिकाऱ्याचं नाव, बॅज नंबर आणि घटनेचा क्रमांक लिहून घ्यायचा. बोलणं शांतपणे, हुज्जत नाही. ट्रकसमोर आडवं उभं राहून टो थांबवता येत नाही, उलट ड्रायव्हरवरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

खाजगी जागेत प्रकार थोडा वेगळा असतो. तिथे पार्किंगबंदीची पाटी होती का, ट्रक शिरतो त्या तोंडाशी दिसत होती का, रात्री तिच्यावर उजेड होता का, याचे फोटो घ्यावेत. बऱ्याच राज्यांत पाटीचा आकार, जागा आणि मजकूर ठरवून दिलेला आहे, आणि पाटी नियमात बसत नसेल तर टोच बेकायदा ठरू शकतो. चाकाला बूट (गाडी हलू न देणारं लोखंडी कुलूप) लावला असेल तर तो काढण्याचा प्रयत्न ड्रायव्हरने अजिबात करू नये.

चौथी पायरी: बिल ओळीओळीने वाचा

अमेरिकी ट्रकिंग उद्योगाच्या संशोधन संस्थेने, एटीआरआयने, २०२३ साली या विषयावर अहवाल काढला. त्यांनी तपासलेल्या अपघाती टोंपैकी २९.८ टक्के बिलांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची लूट आढळली. अवाजवी दर आणि अनावश्यक जादा सेवा हे सर्वाधिक भेटणारे दोन प्रकार होते. दहापैकी आठांहून अधिक वाहतूक कंपन्यांना ते सोसावे लागले होते. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा: बहुतेक बिलं सरळ होती. अर्ध्या रात्री, बर्फात, वाहत्या महामार्गावर ऐंशी हजार पौंडांचं धूड उचलणं हे कष्टाचं आणि जिवावरचं काम आहे. रोटेटरसारखं यंत्र महागडं असतं. प्रामाणिक टोवाल्याला त्याचा दाम मिळालाच पाहिजे. म्हणून बिल नाकारण्याआधी ते समजून घ्या.

एकरकमी बिल आलं तर आधी तपशील मागा, लेखी. 'रिकव्हरी: १८,००० डॉलर' अशा एका ओळीला काही अर्थ नाही. प्रत्येक यंत्र, प्रत्येक माणूस, त्याचे तास आणि तासाचा दर वेगळा दिसला पाहिजे.

मग तास तपासा. टोवाले बहुधा यार्डातून निघाल्यापासून यार्डात परतेपर्यंतचा वेळ धरतात, आणि दरपत्रकात तसं लिहिलं असेल तर ते रास्त आहे. पण ते तास खरे आहेत का, हे ताडून बघायची साधनं तुमच्याजवळ आहेत. ट्रकमधल्या ईएलडीची (ड्रायव्हरचे कामाचे तास नोंदवणाऱ्या यंत्राची) नोंद, जीपीएस आणि डॅशकॅम सांगतात गाडी केव्हा थांबली आणि केव्हा हलली. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात टोवाल्याला केव्हा बोलावलं, तो केव्हा पोहोचला आणि रस्ता केव्हा मोकळा झाला याची नोंद असते. ती सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागता येते. बिलात अकरा तास आणि पोलिसांच्या नोंदीत सहा, असं निघालं तर वादाचा निकाल जवळजवळ तिथेच लागतो. नवखे लोक ही नोंद मागतच नाहीत, आणि मला त्याचं सगळ्यात वाईट वाटतं, कारण तिला खर्च फारसा येत नाही.

पौंडावर केलेली आकारणी दिसली की सावध व्हा. समजा पौंडाला ५ सेंट दर लावला. भरलेली ८०,००० पौंडांची गाडी असेल तर ४,००० डॉलर, आणि तीच गाडी रिकामी, ३५,००० पौंडांची असेल तर १,७५० डॉलर. वजनाने काम अवघड होतं हे खरं, पण यंत्र तेच, माणसं तीच आणि वेळही तेवढाच असेल तर दुपटीहून जास्त रक्कम कशाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. काही राज्यांनी पोलिसांनी मागवलेल्या टोसाठी ही पद्धत बंद केली आहे. तुमच्या राज्यात ती चालते का, ते त्या एका पानावर लिहून ठेवलेलं असू द्या. चालत असेल तर निदान वजन बिल ऑफ लेडिंग (मालाची वाहतूक पावती) आणि काट्याच्या पावतीशी जुळवा.

स्टोरेजच्या ओळीत दोन गोष्टी पाहा. ट्रॅक्टर आणि ट्रेलर वेगळे मोजले आहेत का, आणि तसं मोजायला दरपत्रकात आधार आहे का. दुसरं, पहिला आणि शेवटचा दिवस कसा धरला आहे. मध्यरात्रीच्या दहा मिनिटं आधी गाडी यार्डात आली म्हणून पूर्ण दिवस लावलेला असू शकतो.

त्यानंतर येते किरकोळ दिसणाऱ्या शुल्कांची रांग: कार्यालयीन शुल्क, फाटक उघडण्याचं शुल्क, सुटीच्या वेळेचं शुल्क, इंधन अधिभार, पर्यवेक्षकाचं शुल्क, ताडपत्री, तेल शोषणाऱ्या भुकटीच्या पिशव्या, कार्डाने पैसे दिल्याबद्दलचं शुल्क. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे दरपत्रकात होतं का, आणि प्रत्यक्ष घडलं का? डिझेल सांडलंच नसेल तर भुकटी कशाला लागली, हे तुमचे फोटो सांगतील.

पाचवी पायरी: गाडी आणि माल सोडवा, वाद मागे ठेवा

इथे माझं मत स्पष्ट आहे. रोजचं भाडं चढत असताना यार्डाच्या दारात तत्त्वासाठी अडून बसू नका. इन्शुरन्स कंपनीला आधी कळवा, बिलाची प्रत द्या, त्यांचा माणूस बोलणी करतो का ते विचारा. काही कंपन्यांकडे फक्त टोची बिलं कमी करून घेणारी माणसं असतात. तोडगा निघत नसेल आणि राज्याच्या कायद्यात न्यायालयात रोख रक्कम किंवा हमी भरून गाडी सोडवण्याची सोय असेल, तर ती वापरा. फ्लोरिडात तशी सोय आहे. पैसा न्यायालयाच्या ताब्यात राहतो, गाडी कामाला लागते आणि वाद सावकाश चालतो.

तशी सोय नसेल तर पैसे भरा, पण पावतीवर आणि वेगळ्या ईमेलमध्ये लिहा की रक्कम आक्षेप नोंदवून, हक्क राखून भरली आहे. शक्य असेल तिथे कार्ड वापरा. 'यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही' अशी ओळ असलेल्या कागदावर सही करू नका. असा कागद गाडी सोडण्याची अट म्हणून पुढे केला, तर त्याचा फोटो घ्या, तक्रारीत तोही जोडायचा आहे.

माल तुमचा नसतो, हे यार्डाला लेखी कळवा. मालमालक, ब्रोकर (भाडं मिळवून देणारा मध्यस्थ) आणि मालाची इन्शुरन्स कंपनी यांना त्याच दिवशी सांगा. नाशवंत माल किंवा रीफर (थंड ठेवणारा ट्रेलर) असेल तर तापमानाची नोंद मागवा आणि दुसऱ्या ट्रेलरमध्ये माल हलवायची परवानगी लगेच मागा. ड्रायव्हरचे कपडे, औषधं, कागदपत्रं अशा वैयक्तिक वस्तू अडवून ठेवायला अनेक राज्यांत मनाई आहे.

सहावी पायरी: तक्रार कुठे आणि केव्हा

मुदती फार लहान असतात. टेक्ससमध्ये टो होण्यास वैध कारण होतं का आणि आकारलेली रक्कम बरोबर आहे का, यावर स्थानिक न्यायाधीशांपुढे सुनावणी मागता येते, पण अर्ज १४ दिवसांच्या आत करावा लागतो. शनिवार, रविवार आणि सुट्या त्यात धरत नाहीत. दुसऱ्या राज्यातून तपशील मागवत बसलेल्या मालकाची ही मुदत सहज उलटते, म्हणून अर्ज आधी आणि पुरावे मागाहून, असं करा.

टो पोलिसांच्या यादीतून झाला असेल तर ती यादी चालवणाऱ्या विभागाकडे तक्रार करा. माझ्या मते हा सर्वात परिणामकारक मार्ग आहे. यादीतून नाव कमी होण्याची भीती टोवाल्याला न्यायालयापेक्षा जास्त असते, कारण त्याचं बरंचसं काम तिथूनच येतं. त्याखेरीज परवाना देणारा विभाग असेल तर तो, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलचा ग्राहक विभाग. तुमच्या राज्यातली ट्रकिंग संघटना सदस्यांना मदत करते आणि नव्या कायद्यांसाठी अशीच प्रकरणं गोळा करते, म्हणून तिलाही प्रत पाठवा.

तक्रार एका पानाची ठेवा. काय घडलं ते चार ओळींत, मग बिलातल्या वादग्रस्त ओळी आणि प्रत्येकीपुढे पुरावा: दरपत्रकातला दर, पोलिसांच्या नोंदीतली वेळ, फोटोचा क्रमांक. शेवटी किती रक्कम परत हवी तो आकडा. 'आम्हाला लुटलं' असं लिहिलेल्या चार पानांपेक्षा 'अकरा तास आकारले, नोंदीत सहा आहेत, पाच तासांचे पैसे परत करा' या एका ओळीवर अधिकारी लवकर हालचाल करतो.

भाड्याने लावलेल्या गाडीचं काय

ओनर-ऑपरेटर म्हणून तुमची गाडी एखाद्या कंपनीकडे लीजवर असेल, तर टोचं बिल कंपनी भरते आणि तुमच्या सेटलमेंटमधून, म्हणजे तुम्हाला द्यायच्या हिशेबाच्या रकमेतून, कापून घेते. या कपातीलाही नियम आहे, आणि तो केंद्रीय आहे. लीजच्या नियमांनुसार, कंपनी सुरुवातीला भरून नंतर तुमच्याकडून वसूल करणार असलेली प्रत्येक बाब करारात स्पष्ट लिहिलेली असावी लागते, रक्कम कशी काढणार तेही लिहावं लागतं, आणि ती रक्कम खरी आहे हे ताडून बघायला लागणारे कागद तुम्हाला द्यावे लागतात. म्हणून कपात दिसली की टोवाल्याचं मूळ बिल मागा, कंपनीने बनवलेला गोषवारा नको. आणि लीजवर सही करण्याआधी 'टोइंग' हा शब्द करारात कुठे कुठे येतो ते शोधून, पोलिसांनी मागवलेल्या टोचा खर्च कोणाकडे, हे लेखी करून घ्या.